गाठीमागे एक डॉलर

१

"नीताताई, एक डॉलर माझा झाला. तो तुम्हालाच देते. फक्त हे घर माझ्या घरातून उचला."

सकाळी फोन घेतल्याबरोबर चैतालीने हे ऐकवलं. माझा कांदा अर्धा चिरून झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मी जरा जास्तच मायेने "काय झालं गं?" असं विचारलं. तिथेच चुकलं. पुढे ती थांबेचना.

चैताली इथे सिंगापुरातच, सेंगकांगला राहते. तिचा नवरा धम्मानंद तुआसच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिथे इमारतींचे भाग आधी बनवून ठेवतात आणि मग जागेवर नेऊन एकमेकांत बसवतात. या माणसाने गेलं वर्षभर, सुटीच्या दिवशी झोपायचं सोडून, आपल्या आईसाठी असंच एक घर बनवलं होतं. मूर्तिजापूरजवळच्या गावात शांताबाईंचं जुनं घर उन्हाळ्यात पाडलं, त्याच जागेवर ते उभं राहायचं होतं. प्रत्येक तुकड्यावर नंबर. जोडा, स्क्रू पिळा, राहायला जा. भिंती आणि छप्पर तुआसच्या गोदामात होतं. दारं, खिडक्या आणि चौकटी मात्र चैतालीच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या जागी. सोफा बेडरूममध्ये भिंतीला टेकून उभा होता आणि त्यावर बसायचं तर आधी पुढच्या जन्मी पाल व्हायला हवं, असं चैतालीचं म्हणणं. शनिवारी हे सगळं भरून जहाजाचा कंटेनर बंद व्हायचा होता. ती त्या शनिवारावर जगत होती.

या सगळ्याला तिच्या मते जबाबदार मी. दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक वक्ता ऐन वेळी आजारी पडला आणि मला उभं केलं. मी लायब्ररीत बसून मला आवडेल ते वाचत असते. त्या दिवसांत अमेरिकेतल्या टपालाने मागवायच्या घरांचं वेड लागलं होतं, तेच बोलले. शंभर वर्षांपूर्वी तिथले लोक कॅटलॉग बघून अख्खं घर मागवत. रेल्वेच्या डब्यातून हजारो तुकडे यायचे. नंबर टाकलेली तुळई, खिडक्या, खिळे, रंगाचे डबे, दाराच्या मुठीसुद्धा. स्टेशनवरून गाडीत घालून न्यायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून उभं करायचं. एका कंपनीने तर जाहिरात केली होती की आमच्या लाकडात गाठ दाखवा, प्रत्येक गाठीमागे एक डॉलर घ्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सामोसे खायला गेले. धम्मानंद एकटा खुर्चीत बसून राहिला. नंतर माझ्याजवळ येऊन त्याने एकच विचारलं, "म्हणजे दुकानदाराला तोंडही दाखवावं लागत नसे?" मी म्हटलं, नाही, पत्र पाठवलं की झालं.

झालं ते हे असं.

त्याने डॉलरची टूमसुद्धा उचलली होती. घरातल्यांना सांगून टाकलं होतं, माझ्या सागात गाठ दाखवा आणि डॉलर घ्या. वर्षभरात कुणाला एकही सापडली नव्हती.

"आज लादी पुसताना बादली कलंडली," चैताली सांगत होती. "दाराच्या पेटीवर पाणी उडालं. पुसायला गेले तर उंबरठ्याचं तेल फडक्यावर आलं, आणि खाली ही एवढी गाठ. सुपारीएवढी."

"मग घे की डॉलर."

"घेणारच होते," ती म्हणाली. "पण ताई, धम्मानंद म्हणतोय की हा उंबरठा त्याने बनवलेलाच नाही."

२

सेंगकांगच्या एलआरटीत, म्हणजे वस्तीभोवती गोल फिरणाऱ्या छोट्या रेल्वेत, मी नेहमी चुकीच्या बाजूने फिरणाऱ्या गाडीत बसते. दोन्ही गाड्या शेवटी तिथेच पोचवतात असं सगळे सांगतात. अख्खा सेंगकांग खिडकीतून दाखवून पोचवतात हे सांगत नाहीत. त्या दिवशीही तेच झालं.

वर पोचले तर दारात वेगळंच स्वागत. कॉरिडॉरमध्ये शांताबाईंच्या कढीपत्त्याच्या कुंड्या एका फळीवर ओळीने मांडलेल्या आणि त्यातल्या एकीवर टाउन कौन्सिलची नोटीस चिकटवलेली: रस्ता मोकळा ठेवा, सामान हलवा.

"ती दुसरी नोटीस आहे," दार उघडत चैताली म्हणाली. "आई कुंडी काढून घेतात, तो माणूस गेला की परत ठेवतात. आत या. पाय जपून, डावीकडे खिडकी आहे. उजवीकडेही खिडकी आहे."

धम्मानंद पेट्यांच्या मधोमध उभा होता. त्याने रजा टाकली होती, म्हणजे प्रकरण गंभीर. तापातसुद्धा तुआसला जाणारा माणूस तो.

"हे बघा." त्याने माझ्या हातात उंबरठा दिला, आणि मी तो जवळजवळ पायावर पाडला. "जड लागला ना? माझा हलका होता. हा साग नाहीच. पण लांबी बरोबर, दोन्ही टोकांच्या खाचा बरोबर, स्क्रूची भोकं जागच्या जागी. वर माझाच नंबर, माझ्याच स्टेन्सिलने, माझ्याच लाल रंगात."

"स्टेन्सिल कुठे असतं?"

"इथेच. टीव्हीखालच्या खणात. पेटीही उघडीच होती, बिजागऱ्या यायच्या होत्या म्हणून."

"म्हणजे घरातलंच कुणीतरी."

भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याकडे धम्मानंद बघत राहिला.

मी म्हटलं, "अरे, दुसरा उंबरठा बनव. तुझ्या हातचं काम आहे, एका दिवसात होईल."

"उंबरठा होईल हो. पण ज्याने हा बदलला त्याने आणखी काय काय बदललं असेल? छपराचा एखादा तुकडा? आई झोपेल त्या छपराखाली. सगळ्या पेट्या, सगळं गोदाम परत तपासल्याशिवाय मी कंटेनर बंद होऊ देणार नाही. आणि ते शनिवारपर्यंत होणं शक्य नाही."

"आणि कंटेनर चुकला तर?"

"पुढची जागा कधी मिळेल माहीत नाही. आईचा इथे राहण्याचा पास संपतोय, तिकीट काढलंय. जुनं घर मीच पाडायला लावलं. ती जाणार कुठे, नीताताई?"

चैतालीच्या हातातलं फडकं थांबलं. वर्षभर या पेट्यांना शिव्या घालणारी ती बाई एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही शोधा. तुम्हीच सुरू केलंत."

३

पोलीस असते तर मी दार लावून घेतलं असतं. इथे दार लावायलाही आधी दोन खिडक्या हलवायला लागल्या असत्या. म्हणून स्वयंपाकघरात, चहाच्या निमित्ताने, एकेकाला घेतलं.

पहिली चैताली, कारण ती तिथेच होती.

"तुला या पेट्यांचा किती राग आहे हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे," मी म्हटलं.

"मग मी अख्खी पेटी खाली टाकली असती. एक पट्टी बदलून माझा सोफा परत येणार आहे का?" तिने साखरेचा डबा दाणकन ठेवला. तो डबा म्हणजे आइस्क्रीमचा रिकामा टब होता. फडताळात तसेच टब रांगेने होते. एकात तुरीची डाळ, एकात तीळ, एकात रबरबँड. "हे बघा, आईंचं म्युझियम. काही टाकू देत नाहीत. दुधाच्या खोक्यात मेथी पेरतात. आणि मला विचारा, त्या गेल्यावर मी यातला एक तरी टब टाकणार आहे का." ती पाठ फिरवून चहा गाळायला लागली. बराच वेळ गाळत होती.

दुसरी अंजली, त्यांची मुलगी. पॉलिटेक्निकला आहे, कानात कायम काहीतरी खुपसलेलं.

"आजी जाऊ नये असं तुला वाटतं ना?"

"ऑफ कोर्स लाह," ती इथल्या पोरांच्या तऱ्हेने म्हणाली.

"मग?"

"मग काय, मावशी? मला आजीला थांबवायचं असतं तर मी तिचा पासपोर्ट लपवला असता. घराचा एक पीस कशाला? सो स्टुपिड." ती बिस्किट घेऊन निघाली, दारात थांबली. "बट मावशी, तुम्ही मामाला विचारा. ही सो फनी. गावाहून क्रिकेटची बॅग घेऊन आला. क्रिकेट! मामाला कॅचसुद्धा घेता येत नाही. मी विचारलं, बॅट कुठाय, तर म्हणतो, जहाजावर पाठवली."

मामा म्हणजे संग्राम, चैतालीचा धाकटा भाऊ. मरीन इंजिनियर. उन्हाळाभर रजेवर होता. मूर्तिजापूरला राहून शांताबाईंचं जुनं घर त्यानेच उभं राहून पाडून घेतलं होतं. आता रविवारी इथून जहाज पकडणार, तोवर पेट्यांच्या मधल्या फटीत गादी टाकून झोपत होता.

तो आला तोच हसत. "नीताताई, माझ्यावर संशय? मी लोखंडाचा माणूस. लाकडातलं मला ओ की ठो कळत नाही."

"तू बॅट जहाजावर पाठवलीस म्हणे."

"हो. म्हणजे, आधीच."

"जहाजावर क्रिकेट खेळता? चेंडू समुद्रात जात नाही?"

"जातो ना. म्हणून तर जास्त खेळत नाही."

इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी मंडळाच्या निवडणुकीतसुद्धा पाहिलेला नाही. पण खोटं कशासाठी? उंबरठा चोरून विकायचा म्हटलं तर मुस्तफाच्या मॉलमध्ये त्याचं दुकान नाही. मेहुण्यावर राग म्हणावा तर हा धम्मानंदला देवाच्या, नाही, धम्मानंदला देव म्हटलेलं चालत नाही, मोठ्या भावाच्या जागी मानतो.

"बॅग बघू तुझी," मी म्हटलं.

त्याचं हसू मावळलं. "रिकामी आहे ताई," तो म्हणाला, आणि माझ्या आधी उठून दाराकडे गेला.

४

बॅग खरंच रिकामी होती. संग्रामने ती माझ्यासमोर उलटी करून झटकली आणि विजयी चेहऱ्याने बघितलं. मी वाकून शिवणीत बोट फिरवलं. वाळलेली माती लागली. काळी.

सिंगापुरात खणाल तिथे तांबूस माती निघते. ही काळी, नखात घट्ट बसणारी, आमच्या ओळखीची होती.

ते मनात ठेवून मी आधी शांताबाईंकडे गेले.

त्या आपल्या खोलीत पलंगावर बसून कढीपत्त्याची पानं काढत होत्या. मी "जय भीम, आई" म्हणून शेजारी बसले. त्यांनी अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. या घरात कुणी नुसतं बसत नाही.

"ऐकलंत ना काय झालं?"

"ऐकलं नं. सकाळपासून तेच ऐकून राह्यली."

"धम्मानंद कंटेनर थांबवायचं म्हणतोय."

"थो लहानपनापासून असाच हाय. पाटी फुटली तं शाळेतच जात नव्हता." पान काढायचा हात थांबला नाही. "होईन शांत. चहा घेतला का तुनं?"

मी पानं काढत बसले आणि विचार करत राहिले. बाहेर तिघं चौघं डोकं धरून बसलेली. घर कुणाचं? या बाईचं. छप्पर कुणाच्या डोक्यावर नसणार? या बाईच्या. आणि सगळ्यांत शांत कोण, तर हीच.

माझे यजमान रघुवीर म्हणतात की मला उत्तर लवकर सापडतं पण प्रश्न उशिरा. तसंच झालं. सकाळपासून आम्ही सगळे विचारत होतो, खरा उंबरठा कुठे गेला. मला ती जुनी घरं आठवली. त्या कंपन्यांचे कागद बहुतेक नाहीसे झाले, म्हणून आज कुणाला आपलं घर टपालाने आलेलं आहे का हे कळायचं असेल तर ते पुढून बघत नाहीत. पुढून सगळी घरं सारखीच. ते तळघरात उतरून तुळईवरचा नंबर शोधतात, दाराची पट्टी काढून मागची बाजू बघतात. लाकडाची ओळख ते जिथे दिसत नाही तिथे असते.

मी उठले, हॉलमध्ये गेले आणि तो जड उंबरठा खाली ठेवून उलटा केला.

"संग्राम," मी म्हटलं, "सगळ्यांना बोलव. आईंनाही."

५

सगळे आले. म्हणजे पेट्यांमध्ये जागा मिळेल तिथे उभे राहिले. अंजलीने कानातलं काढलं, हे त्या दिवसातलं पहिलं नवल.

"चोराला काय हवं असतं?" मी विचारलं. "वस्तू. नाहीतर नुकसान. वस्तू हवी असती तर उंबरठा गेला असता आणि जागा रिकामी राहिली असती. नुकसान करायचं असतं तर मापात चूक केली असती. इथे कुणीतरी मापं घेऊन, खाचा पाडून, नेमक्या जागी भोकं पाडून, तेल लावून, नंबरसुद्धा टाकून ठेवलाय. म्हणजे त्याला हे घर पुरं व्हायला हवं आहे. आपल्या सगळ्यांइतकंच. फक्त या उंबरठ्यासकट."

"पण का?" धम्मानंद वैतागला. "या जुनाट लाकडासाठी?"

"जुनाट हे तू बरोबर म्हणालास. हे सिंगापुरातलं नाही. बरोबर तीन फूट लांबीचं, जड, आणि विमानात कुणाला संशय येणार नाही अशा बॅगेत आलेलं. त्या बॅगेच्या शिवणीत वऱ्हाडातली काळी माती आहे. संग्राम, तू लोखंडाचा माणूस; इथल्या एखाद्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तुझी ओळख असणारच. तिथे लाकूड कुणी रंधलं?"

संग्राम छताकडे बघत म्हणाला, "मित्राने. मी धरलं होतं फक्त."

"संग्राम!" चैताली ओरडली. "वर मला म्हणतोस, ताई तुझा आरडाओरडा ऐकवत नाही!"

"शांतामावशींनी शपथ घातली होती गं! नाही कसं म्हणणार?"

सगळे शांताबाईंकडे वळले. त्यांच्या ओच्यात अजून कढीपत्ता होता.

"आई?" धम्मानंद म्हणाला. "हे आपल्या जुन्या घराचं आहे?" आणि मग त्याचा आवाज चढला. सकाळपासून दाबून धरलेला होता तो. "मी काय सांगितलं होतं? त्या घरातली एक वीटसुद्धा नको म्हटलं होतं. वर्षभर मी एकेक फळी उन्हात धरून बघितली, तुला एक गाठ लागू नये म्हणून. गावातल्या सुताराने बाबांना उद्या येतो, परवा येतो म्हणत वर्ष काढायला लावलं. आपल्या वस्तीत पाय ठेवायचा नव्हता त्याला. बाबा त्याच्या दारात उभे राहायचे, मी त्यांचं बोट धरून. म्हणून हे घर बनवलं. माझ्या आईच्या दारासाठी मी कुणाच्या दारात उभा राहणार नाही. आणि तू लपूनछपून तेच लाकूड आणलंस?"

"वीट कुठं मांगितली मी?" शांताबाई म्हणाल्या.

अंजलीला हसू आलं. तिने ते गिळलं.

"तुले सांगितलं असतं तं तू हो म्हनला असता का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "सुतार नाही आला हे खरं हाय. मंग तुह्या बापानं रेल्वेनं मोडीत काढलेला रुळाखालचा लाकडी स्लीपर आनला, अन् सोताच्या हातानं उंबरठा केला. वाकडा झाला होता. बसवला अन् मले म्हनला, शांता, आपल्या दाराच्या भाईर कोनाले उभं नाही ठेवाचं. मी लय दारात उभी राह्यली, बापा. भाईरच्या भाईर. पानी वरतून वतत, ओंजळीत. आपल्या दारात मी कोनालेच तसं ठेवलं नाही. जो आला थो आत आला. ज्यायनं मले भाईर ठेवलं त्यायच्या लेकीसुना आल्या, बाळंतपनाचं विचाराले आल्या. त्याच सुताराची सून आली होती. याच्यावरूनच आली."

त्या पुढे आल्या. उलट्या पडलेल्या लाकडावर त्यांनी हात ठेवला. आम्ही सगळ्यांनी तेव्हा नीट बघितलं. जी बाजू रंधून, तेल लावून वर केली होती, ती पूर्वी मातीकडे असायची. तिच्यातच ती गाठ होती. आणि आता वर आलेली, कुणी हात न लावलेली बाजू मधोमध खोलगट होती. ताटासारखी. तुळई अशी झिजत नाही, छपराचा वासा झिजत नाही. घरात एकच लाकूड असं झिजतं.

"तुहं घर लय सुंदर हाय," शांताबाई मुलाला म्हणाल्या. "पन त्याच्यात आजून कोनीच आलं नाही."

धम्मानंद खाली बसला. खोलगट भागाच्या कडेला, डाव्या टोकाशी, एक काळा गोल डाग होता. त्याने त्यावर अंगठा टेकवला आणि तिथेच ठेवला.

"चिमणी," तो म्हणाला. अंजलीला कळलं नाही, तेव्हा तिच्याकडे न बघताच सांगितलं, "रॉकेलचा दिवा. मी इथे बसून अभ्यास करायचो. आत धूर व्हायचा म्हणून दारात."

६

एक गोष्ट राहिली होती आणि ती अंजलीने विचारली. "देन पप्पाचा उंबरठा कुठाय?"

शांताबाईंनी ओठ घट्ट मिटले. संग्रामने परत छत बघायला घेतलं.

"ज्या बाईने आइस्क्रीमचा एक टब टाकला नाही," मी म्हटलं, "ती एवढा सुरेख साग टाकेल का? तो वापरात असणार. धम्मानंद, तू रोज संध्याकाळी बूट कुठे काढतोस?"

तो उठून बाहेर गेला. कुंड्या उतरवण्याचा आवाज आला, आणि टाउन कौन्सिलची नोटीस हातात घेऊन, काखेत फळी मारून तो आत आला. फळी उलटी केली. खालच्या बाजूला लाल रंगात त्याचा नंबर होता. वर मातीचे चार गोल.

"मला दोनदा नोटीस आली," तो म्हणाला, "माझ्याच उंबरठ्यासाठी."

हसायला पहिली सुरुवात चैतालीने केली. ती इतकी हसली की खिडकीला धरून बसावं लागलं.

मला वाटलं, आता हा आईच्या गळ्यात पडेल. पण इंजिनियर तो. त्याने टेप काढली आणि जुन्या उंबरठ्याचा खड्डा मोजायला लागला.

"मधे बराच खाली गेलाय. पाणी साचेल."

"साचू दे," चैताली म्हणाली.

"आणि संग्राम, तू हा उलटा का केलास? सपाट बाजू वर?"

"भाऊजी, नाहीतर तुम्ही बघितल्याबरोबर ओळखला असता!"

"हो, पण बसवायचा असा नाही." त्याने उंबरठा उचलून मांडीवर घेतला, खड्डा वर, डाग वर. "असा बसवायचा. भोकं या बाजूने परत पाडायला लागतील. खाचा इंचाचा आठवा भाग कमी पडतील. दाराची खालची कडा याच्या आकाराने कापावी लागेल." तो स्वतःशीच बोलत होता. "उद्या तुआसला नेतो. शनिवारी सकाळपर्यंत होईल. ड्रिल कुठाय?"

"म्हणजे कंटेनर जातोय?" मी विचारलं.

"अहो जातोय ना," तो चिडून म्हणाला, जणू थांबवायचं मीच म्हटलं होतं. "बाकी काही बदललेलं नाही. आईने दुसरं काही बदलू दिलं असतं का? आई, बदललंस का काही?"

"नाही रे बापा. बाकी समदं चांगलं हाय."

मग त्याने पाकीट काढलं, एक डॉलर काढून चैतालीला दिला. चैतालीने तो पदरात बांधल्याचा अभिनय केला. शांताबाईंनी खाली वाकून उंबरठ्याकडे निरखून बघितलं.

"गाठ आरपार हाय," त्या म्हणाल्या. "इकडूनबी दिसते. हा डॉलर माहा."

त्याने तोही दिला. त्यांच्या हातावर ठेवला आणि हात लगेच सोडला नाही.

शनिवारी कंटेनर बंद झाला. शांताबाई गेल्या, टब इथेच आहेत, सोफा आडवा झाला, आणि चैताली आता म्हणते की हॉल फार रिकामा वाटतो. मी तिला काय बोलणार? बोलले तर ती म्हणेल, तुम्हीच सुरू केलंत.

राहता राहिला तो बिनगाठीचा, सागाचा, अत्यंत गुळगुळीत उंबरठा. कॉरिडॉरमध्ये ठेवायची सोय नाही, टाकायची कुणाची छाती नाही. साहजिकच तो माझ्या गळ्यात पडला. तीन फुटी लाकूड घेऊन मी एलआरटीत चढले, अर्थात चुकीच्या बाजूच्या, आणि अख्ख्या सेंगकांगने मला खिडकीतून नीट बघून घेतलं.

मरीन परेडला घरी येऊन तो आमच्या दारात आडवा टाकला. मातीचे गोल पुसले नाहीत. संध्याकाळी रघुवीर ऑफिसमधून आले, अडखळले, भिंतीला धरलं आणि म्हणाले, "हे काय आहे आता?"

"उंबरठा," मी म्हटलं. "अजून कोणी आलेलं नाही त्यावरून. या, आत या."